विचका म्हणायचा हक्क

विचका हा शब्द लोक फार स्वस्तात वापरतात. भाजी करपली, विचका. मॅच अर्ध्यात थांबली, विचका. शेजारच्या बाईंनी केस कापून घेतले आणि ते जरा आखूड झाले, तर त्यांनीही मला जिन्यात अडवून सांगितलं, "बघा ना, पार विचका केला मेलीनं." मी मान डोलावली आणि वर गेलो. चौतीस वर्षं मी ज्या खोलीत काम करतोय तिथं या शब्दाला वजन आहे, हे जिन्यात उभं राहून कुणाला सांगत बसणार? हल्ली कुणाला काही समजावून सांगायचा मला कंटाळाच येतो.

मी कवळ्या बनवतो. लोकांना वाटतं, कवळी डॉक्टर करतात. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, शेवटी कवळी बसवतात आणि आरसा पुढे धरून कौतुक करून घेतात. मधलं सगळं आमच्याकडे होतं, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, मागच्या दोन खोल्यांत. प्लास्टरवाली बाई मापात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा काढते. मी साच्यावर मेण चढवून एकेक दात लावतो. पॉलिशवाला शेवटी घासून चकाकी आणतो. इतकी वर्षं मोटरशेजारी बसून त्याला ऐकू कमी येतं, आणि जे येतं ते पटत नाही. आम्हा तिघांपैकी कुणीही पेशंटचं तोंड बघत नाही. मी किती हजार माणसांना दात दिले असतील देव जाणे, पण त्यांतल्या एकालाही हसताना पाहिलेलं नाही. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. पुढे मान धरायला लागली, डोळे चुरचुरायला लागले, आणि वाईट वाटून घ्यायलाही त्राण उरलं नाही.

तर विचका. आमच्याकडे घोळ म्हणजे मेण गरम करून निस्तरता येतो तो. तो दिवसातून चारदा होतो, त्याचं कुणी मनावर घेत नाही. फजिती व्हायला बघणारे लागतात, आणि आमच्या खोलीत मरायला येतंय कोण? पचका व्हायला आधी फुशारकी मारलेली असावी लागते. तो पॉलिशवाल्याचा होतो, आठवड्याला एक. पण विचका वेगळा. सामान चांगलं असतं, वेळ हाताशी असतो, काम नीट चाललेलं असतं, आणि आपल्याच हातानं ते नासतं. असं नासतं की सगळं फोडून पहिल्यापासून करावं लागतं.

आणि तो शब्द ज्यानं काम केलं त्यानंच उच्चारायचा. हा नियम मोठ्या साहेबांचा. लॅब त्यांनी काढली, त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण नियम तसाच आहे. दुसऱ्याच्या कामात खोट दिसली तर फक्त "बघा जरा" म्हणायचं. त्यापुढे एक अक्षर नाही. मी नवीन असताना साहेबांना विचारलं होतं, असं का? ते म्हणाले, "दुसऱ्यानं म्हटलं की ती शिवी होते. आपण म्हटलं की ती माहिती असते." मग ज्याचा विचका त्यानं ती कवळी सिंकवरच्या फळीवर ठेवायची, खाली चिठ्ठी लावायची. तारीख, स्वतःची ओळख आणि कुठं चुकलं. त्या दिवशी त्याचं टेबल बाकीचे दोघं पुसतात, आणि विषय संपतो. फळीवर चाळीस वर्षांच्या कवळ्या दात विचकून बसलेल्या आहेत. नवीन माणूस आला की पहिले दोन दिवस त्या सिंककडे पाठ करून हात धुतो.

त्या फळीवर गेली अकरा वर्षं माझी नवी चिठ्ठी लागली नव्हती. डॉक्टर लोक फोनवर सांगायचे, "मास्तरांच्याच हाताची हवी." मी वरवर म्हणायचो, कसचं काय, पण सिंकपाशी गेलो की नजर आपोआप फळीवरून फिरायची आणि छाती दोन बोटं पुढे यायची. खोटं कशाला बोलू.

मग ताईचे दात गेले.

ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई आजारीच असायची, त्यामुळे मला वाढवलं ताईनं. मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो तरी तिच्या लेखी छोट्याच आहे. टेलिफोन खात्यात ती चौकशीवर होती. लोक नंबर विचारायचे, ही सांगायची. तिचा आवाज असा की नंबर मिळाल्यावरही लोक फोन ठेवायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर तिनं अंधांच्या वाचनालयात जायला सुरुवात केली. दर गुरुवारी दुपारी एका बंद खोलीत बसून पुस्तकं मोठ्यानं वाचायची, आणि ती रेकॉर्ड होऊन ऐकणाऱ्यांकडे जायची. लग्न तिनं केलं नाही. तिच्या घरी दोन खोल्या, एक रेडिओ आणि चष्म्याची तीन घरं. गुरुवार हा तिचा खरा वार होता. बाकीचे सहा नुसते येऊन जायचे.

तिचे पुढचे दोन दात जरा बाहेर होते. फार नाही, ओठ मिटले की दिसायचे नाहीत. पण लहानपणी मला ते दिसले आणि मी तिचं नाव ठेवलं, ससाताई. मी पाच वर्षांचा, ती पंधराची. माझ्यामागून गल्लीतली सगळी पोरं ओरडायला लागली. पुढे कुठल्याही फोटोत ती तोंड मिटून उभी राहायची. कधी मला काही बोलली नाही, पण मोठा झाल्यावर ते फोटो बघताना मला लाज वाटायची. या धंद्यात मी का पडलो असं कुणी विचारलं तर मी सांगतो, जागा रिकामी होती म्हणून. ते खरंच आहे. पण पहिला दात मेणात बसवताना मला ताईची आठवण आली होती, तेही खरं आहे.

तिच्या हिरड्या खराब झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी उरलेले दात काढायचे ठरवले. काढण्याआधी बाईंनी नेमानं तिच्या खऱ्या दातांचं माप घेऊन आमच्याकडे पाठवलं, नवीन दात बसवताना समोर असावं म्हणून. प्लास्टरवाल्या बाईनं त्याचा साचा काढला. पांढऱ्या प्लास्टरमध्ये ताईचेच दात, पुढचे दोन तस्सेच बाहेर. मी तो साचा हातात घेतला, बघितला आणि खणात टाकला.

दात लावायला बसलो तो सकाळी नवाला, आणि जेवायला उठलो नाही. असं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. रंग नेमका, कडा तिच्या वयाला शोभतील अशा किंचित झिजलेल्या, आणि पुढचे सहा दात सुतात. सरळ. पन्नास वर्षांचं देणं मी त्या सहा दातांत फेडत होतो.

दुपारी प्लास्टरवाली बाई आली. खणातला साचा काढून तिनं माझ्या कोपराशी ठेवला.

"मास्तर, बघा जरा."

"बघितलं."

ती गेली. मी साचा परत खणात टाकला. चारच्या सुमाराला उठून आलो तर साचा पुन्हा टेबलावर. तिच्याकडे बघितलं तर ती प्लास्टर कालवत होती, मान खाली. निघायच्या वेळेला तिनं तिसऱ्यांदा तो माझ्यापुढे ठेवला आणि नुसती उभी राहिली.

"बाई, कळतंय मला," मी म्हणालो. "चौतीस वर्षं काय गोट्या खेळतोय का?"

 तिला बोलायची परवानगीच नव्हती.

पक्क्या प्लास्टिकमध्ये घेण्याआधी मेणातली कवळी पेशंटच्या तोंडात लावून बघतात. आमच्यापैकी कुणी तिथं जात नाही, पण या वेळी मी हट्टानं गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून. डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली, ओठ नीट केले आणि ताईनं माझ्याकडे तोंड केलं. काय सांगू! सगळ्या फोटोंत तोंड मिटलेली ती आता दात दाखवून बसली होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता साठपासून सत्तरपर्यंत म्हणा बरं," बाई म्हणाल्या.

हे सगळीकडेच करतात. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. सगळ्या आकड्यांत सकार आहेत, आणि दात जरा जरी आत-बाहेर असले तर सकार लगेच चुगली करतात. शीळ तरी येते नाहीतर जीभ तरी अडखळते. हे मीच कितीतरी नव्या डॉक्टरांना फोनवर सांगितलेलं आहे.

"राहू द्या हो," मी म्हणालो. "बघा ना कशी दिसतेय. यात काय तपासायचं?"

बाई थोड्या घुटमळल्या. मग हसून म्हणाल्या, "मास्तरच म्हणताहेत म्हणजे झालं." ताई माझ्याकडे बघत होती.  मला वाटलं, तिला भरून आलंय.

पुढचे चार महिने मी तिला दर रविवारी विचारायचो, "कसे आहेत दात?" आणि ती म्हणायची, "छान." एकच शब्द, हात तोंडाशी नेऊन. माझ्याबरोबर जेवायला बस म्हटलं तर तिचं आधीच झालेलं असायचं. गुरुवारचं विचारलं तर म्हणाली, वाचनालयाची खोली दुरुस्तीला काढलीये, भिंतीला ओल आलीये, कधी उघडेल सांगता येत नाही. मी म्हटलं, "चला, तेवढीच तुला विश्रांती." तिनं मान हलवली. हल्ली ती कमी बोलते हे माझ्या लक्षात आलं होतं, नाही असं नाही. वय झालं, असं मी धरून चाललो. मी स्वतः दमलेलो असलो की मला सगळं जग दमलेलं दिसतं.

एका गुरुवारी कामानं त्याच रस्त्याला गेलो होतो. येताना वाचनालयावरून आलो तर दार उघडं, आत दिवे, पायऱ्यांवर दोन माणसं पांढऱ्या काठ्या मांडीवर ठेवून गप्पा मारत बसलेली. मला बरं वाटलं. म्हटलं, खोली उघडलीये का बघावं आणि ताईला आजच आनंदाची बातमी द्यावी.

रेकॉर्डिंगवाला पन्नाशीचा, हडकुळा माणूस. गळ्यात हेडफोन. मी विचारलं, "दुरुस्ती झाली का हो?"

"कसली दुरुस्ती?"

"खोलीची. भिंतीला ओल आली होती ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. भिंती कोरड्या ठणठणीत होत्या. मी ताईचं सांगितलं, त्यांचा भाऊ म्हणून. तर त्याचा चेहराच बदलला.

"तुम्ही छोट्या का?" त्यानं विचारलं, आणि मग ओशाळला. "म्हणजे, सॉरी, त्या तसंच म्हणतात. कशा आहेत त्या? इथं रोज कुणीतरी विचारतं, त्या प्रवासाच्या पुस्तकाचं पुढे काय झालं म्हणून. अर्ध्यात राहिलंय."

"अर्ध्यात का राहिलं?"

तो बराच वेळ हेडफोनच्या वायरशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "शेवटचं रेकॉर्डिंग त्यांनी पुसून टाकायला सांगितलं होतं. मला काही जमलं नाही. तुम्ही घरचेच आहात. ऐका." आणि त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावले.

आधी नुसती शांतता. पान उलटल्याचा आवाज. मग ताई वाचायला लागली. "सकाळी साडेसहाला आम्ही समुद्राच्या दिशेनं निघालो." एवढंच वाक्य, आणि प्रत्येक सकारावर बारीक शीळ. शेगडीवर किटली ठेवल्यावर येते तशी. मधेच कवळी खट्‌ वाजली. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून. "सकाळी साडेसहाला." पुन्हा थांबली. तेच वाक्य तिनं सात वेळा वाचलं. मी मोजलं. सातव्यांदा तिनं इतकं हळू वाचलं की तो तिचा आवाजच वाटेना. पहिलीतलं मूल अक्षरं लावत वाचतं तसा वाटला.

मग लांबून रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज आला. "ताई, दुसरी करून घ्या ना कवळी. सांगा त्यांना, बरोबर बसली नाही म्हणून."

आणि ताई म्हणाली, "छोट्यानं केलीये हो. अकरा वर्षांत त्याचं एक काम चुकलं नाही. त्याला नका सांगू." पुस्तक मिटल्याचा आवाज. "तो हल्ली फार दमतो."

मी हेडफोन काढले. रेकॉर्डिंगवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला, तो मी घेतला नाही. कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं होतं. मला माझी दया आली नाही, रागच आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना. प्लास्टरवाल्या बाईवर? तिनं तीनदा सांगितलं, नियमात बसेल तेवढं. डॉक्टरीणबाईंवर? त्यांचं तोंड मीच बंद केलं. साहेबांचा नियम चांगलाच होता. पण ज्याला तो शब्द म्हणायचाय तो माणूस म्हणायलाच तयार नसेल तर काय करायचं, हे साहेबांनी सांगून ठेवलं नव्हतं. कदाचित असा माणूस लॅबमध्ये असेल असं त्यांना वाटलं नसेल.

तिथून ताईच्या घरी मी चालतच गेलो. बेल वाजवली. आतून पावलं आली, दाराशी थांबली आणि "कोण?" म्हणण्याऐवजी परत आत गेली. पाण्यातून कवळी काढताना ग्लास वाजला. मग दार उघडलं. चार महिने मी ते दोन मिनिटांचं थांबणं तिच्या गुडघ्यांच्या खात्यावर टाकत होतो.

"आज कसा काय?" हात तोंडाशी.

मी आत जाऊन बसलो. ती चहा टाकायला वळली.

"ताई, चहा नको. बस इथं." ती बसली. मी तोंड उघडलं आणि शब्द बाहेर येईना. अकरा वर्षांत वापरला नव्हता ना. "विचका झालाय," मी म्हणालो.

"कशाचा?"

"तुझ्या दातांचा. माझ्याकडून."

"काहीतरीच तुझं. छान आहेत की."

"साठपासून म्हण."

"काय?"

"साठपासून सत्तरपर्यंत म्हण, ताई. तेव्हा मी म्हणू दिलं नाही. आता म्हण."

"वेडा आहेस का तू? मला कामं पडलीयेत," असं म्हणून ती उठली. मी तिचा हात धरला. वाचनालयात जाऊन आलो, ऐकून आलो, हेही सांगितलं. ती परत बसली. बराच वेळ मांडीवरच्या पदराच्या घड्या घालत राहिली, आणि मग, माझ्याकडे न बघता, तिनं सुरुवात केली. साठ. शीळ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्टवर जीभ अडकली आणि कवळी वाजली. ती थांबली. तोंडात बोट घालून तिनं कवळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली, ओली, गरम. तिचं तोंड आत गेलं. तिला तशी मी कधीच पाहिली नव्हती. मला वाटलं, आता रडेल.

"चार महिने!" ताई ओरडली. दात नव्हते, तरी टेलिफोन चौकशीवरचा तो आवाज भिंतीवर आपटला. "चार महिने तोंड मिटून बसलेय मी, छोट्या! पेज पितेय, दार लावून! दर रविवारी येतोस आणि विचारतोस, कसे आहेत दात. माझ्या तोंडाकडे बघतोस आणि खूश होऊन जातोस. मी काय बोलतेय ते एकदा तरी ऐकलंस? अरे, मी बोलतच नाहीये, हे तरी?"

"तू सांगितलं का नाहीस?"

"तू रडत होतास ना त्या दिवशी! तुला कशी सांगू?"

मी खाली मान घालून कवळीकडे बघत राहिलो. सहा दात, सुतात. मी म्हणालो, "मला वाटलं, तुला सरळ दात हवे असतील. मी तुला ससाताई म्हणायचो म्हणून तू फोटोत..."

"अरे, फोटोत मी तोंड मिटायचे कारण तो फोटोवाला मेला हसू नका, हलू नका म्हणायचा!" तिनं कपाळावर हात मारला. "आणि ससा काय वाईट असतो? त्या दातांनी तीस वर्षं नोकरी केली मी. वाकडे होते तर होते, माझे होते. कुणी मागितले होते तुझ्याकडे सरळ?"

कुणीच मागितले नव्हते. मी तसं म्हणालो. "माफ कर," असंही म्हणालो, पण ते इतकं हळू की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिची धाप खाली बसली. मग ती उठली आणि चहा टाकला. आम्ही दोघांनी तो प्यायला. तिनं बशीत ओतून, फुरके मारत, माझ्यासमोर. कवळी परत नकोय म्हणाली, नवीन होईपर्यंत अशीच राहीन. बोळक्या तोंडानं तिनं मला शेजारणीची एक लांबलचक भानगड सांगितली. निम्मी कळली नाही, तरी मी मधे एकदाही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी सगळ्यात आधी पोचलो. फळीवर जागा केली, कवळी ठेवली आणि चिठ्ठी घेऊन बसलो. तारीख लिहिली, मास्तर असं लिहिलं. कुठं चुकलं, इथं हात थांबला. पुढचे सहा दात आत, हे खरं होतं, पण त्यानं भागत नव्हतं. साचा खणात टाकला, असं लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं, तीनदा सांगितलं होतं. आणि त्याच्याखाली, ऐकलं नाही.

प्लास्टरवाली बाई आली, सिंकपाशी हात धुवायला गेली आणि तिथंच उभी राहिली. मी मोठ्यानं म्हणालो, "बाई, विचका झालाय." पॉलिशवाल्यानं मोटर बंद केली. त्याला पहिल्या झटक्यात ऐकू आलं, यावरून काय ते समजा.  बाईनं फडकं ओलं करून माझं टेबल पुसलं, कोपऱ्यांपासून. पॉलिशवाल्यानं माझ्या खुर्चीखालचं मेण खरवडलं. मग बाईनं खण उघडला, ताईच्या खऱ्या दातांचा साचा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. या वेळी "बघा जरा" म्हणाली नाही.

नवे दात मी त्या साच्यावर नजर ठेवून लावले. चार दिवस गेले. एरवी दिवसाचं काम. पुढचे दोन बाहेर काढताना हात राजी नव्हता. चौतीस वर्षं ज्याला वाकडं म्हणून सरळ केलं ते आता मोजून मापून वाकडं करायचं होतं. दोनदा घोळ झाला, निस्तरला.

मेणातली कवळी लावून बघायच्या दिवशी मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेलो, साध्याच शर्टात. त्यांनी कवळी बसवली. ताई माझ्याकडे वळणार तेवढ्यात मी उठलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर दातांचा तक्ता होता. मी डोळे मिटले.

"म्हणा," बाई म्हणाल्या.

"साठ," ताई म्हणाली. थांबली.  "एकसष्ट. बासष्ट." शीळ नव्हती. त्रेसष्टही निघून गेलं. चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. आवाज जरा जरा मोकळा व्हायला लागला. सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर.

"छान," बाई म्हणाल्या. "बास."

"एकाहत्तर," ताई म्हणाली. "बहात्तर. त्र्याहत्तर."

मी डोळे उघडले नाहीत. बाईंनीही तिला थांबवलं नाही. बाहेर पुढचा पेशंट खुर्ची सरकवत होता, आणि ताई चौकशीवर बसल्यासारखी, एकेक आकडा सुटा करून, शंभराकडे चालली होती.